आपल्या घरातील दप्तर आणि इतिहासाचा विद्यार्थी

गेल्या वर्षी आपल्या ज्ञातीतील एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. इतिहास विषय घेऊन एम.ए. करीत असलेल्या या मुलीस प्रबंधिकेसाठी विषय निवडावयाचा होता. "कोल्हापूर भागातील शिंपी समाजाचा इतिहास लिहावा असे मनात आहे, पण त्याची साधने कोठे मिळतील?" असा तिचा सरळ प्रश्न होता. तिच्या एका वडीलधाऱ्या नातलगांनी तिला आधीच सांगून टाकले होते की, "इतिहास राजांचा असतो, सरदारांचा असतो, सुई-दोऱ्याचा इतिहास कोण लिहून ठेवणार?" त्या दिवशी आम्ही तिला जे उत्तर दिले, ते घाईचे व अपुरे होते. मंडळाच्या या वार्षिक स्मरणिकेच्या निमित्ताने ते अधिक विचारपूर्वक द्यावे, आणि ते एकट्या तिलाच न देता आपणां सर्व कुटुंबांपुढे ठेवावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. कारण तिच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर सरकारी दप्तरखान्यात असले, तरी उरलेले निम्मे आपल्या घरांच्या माळ्यांवर आणि जुन्या पेट्यांत पडून आहे, अशी आमची खात्री झाली आहे.

प्रथम मराठ्यांचा इतिहास कसा लिहिला गेला, हे थोडक्यात पाहू. साताऱ्यास कंपनी सरकारचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत इंग्रजीत प्रसिद्ध केला. हा ग्रंथ मोठ्या मेहनतीचा होता यात शंका नाही. तथापि तो जेत्याच्या नजरेने लिहिलेला होता. १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्यावर मराठीत टीका लिहिली, आणि आपला इतिहास आपल्याच कागदांवरून तपासला पाहिजे ही जाणीव महाराष्ट्रात प्रथम जागी झाली. पुढे १८९७ पासून आपल्या शेजारच्या मिरजेस वासुदेवशास्त्री खरे या शाळामास्तरांनी पटवर्धन घराण्यांची दप्तरे वाचून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापण्यास आरंभ केला. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८९८ साली, विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. पानिपतच्या काळातील पत्रे त्यात होती. राजवाड्यांनी या मालेचे बावीस खंड काढले. त्यासाठी ते गावोगाव पायपीट करीत, लोकांच्या दारी जाऊन "जुने कागद आहेत काय?" म्हणून विचारीत, आणि मिळेल ते कागद हाताने उतरून घेत.

या दोघांचीही गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की, दोघांच्याही पाठीशी सरकार नव्हते, विद्यापीठ नव्हते आणि वेतनही नव्हते. एक शाळेत शिकवीत होता, दुसरा फकिरासारखा फिरत होता. त्यांना जे कागद मिळाले, ते कोणा ना कोणा गृहस्थाने सांभाळून ठेवले होते म्हणूनच मिळाले. मराठ्यांच्या इतिहासाची उभारणी अशा रीतीने घरगुती दप्तरांवर झाली आहे; मात्र ती दप्तरे बहुतांशी सरदारांची, कारकुनांची व कुलकर्ण्यांची होती. कारागीर ज्ञातींच्या दारी हा प्रश्न फारसा कोणी विचारलाच नाही. आपल्याकडे कागद नव्हते, असा याचा अर्थ काढता येत नाही.

एकट्या माणसाच्या हयातीत हे काम उरकणारे नाही, हे राजवाड्यांनीही ओळखले होते. म्हणून ७ जुलै १९१० रोजी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. कागद जमविणे, ते वाचणे, सभेत त्यांवर चर्चा करणे आणि छापून काढणे, असा या मंडळाचा क्रम होता. वकील, शिक्षक, इनामदार, कारकून असे नाना व्यवसायांचे लोक तेथे एकत्र बसून एकमेकांचे लेखन तपासू लागले. याच मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या सुमारास, १९३५ साली, पुण्यास अखिल भारतीय इतिहास परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. तीच संस्था पुढे 'इंडियन हिस्टरी काँग्रेस' या नावाने देशभर विख्यात झाली. परदेशांतही असेच घडले आहे. अमेरिकेतील इतिहासकारांची संस्था १८८४ साली स्थापन झाली. इंग्लंडात शाळांतून इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकांनी पुढाकार घेऊन १९०६ साली आपली संस्था काढली. एकट्याने काढलेला निष्कर्ष चारचौघांच्या कसोटीस लावल्यावाचून तो इतिहास म्हणून मानू नये, हा या सर्व संस्थांच्या बुडाशी असलेला विचार होय. विद्यार्थ्यास परिषदेत पहिला निबंध वाचताना जी धडकी भरते, तीच त्याची खरी परीक्षा असते. म्हणून आपल्या मुलांनी पदवी हाती पडेपर्यंत वाट न पाहता अशा परिषदांचे सभासद व्हावे, असे आम्हास वाटते.

आता आपल्या करवीर नगरीकडे वळू. इतिहासाच्या विद्यार्थ्यास येथे जितकी साधने हाताशी आहेत, तितकी पुणे-मुंबई वगळता महाराष्ट्रात थोड्याच ठिकाणी असतील. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागाची एक शाखा कोल्हापुरास आहे. महाराणी ताराबाईंनी पन्हाळ्यास स्वतंत्र गादी उभी केल्यापासून, १७३१ चा वारणेचा तह, १८४४ चे गडकऱ्यांचे बंड, १८५७ ची धामधूम, शाहू छत्रपतींचा काळ आणि १ मार्च १९४९ रोजी झालेले संस्थानचे विलीनीकरण, एवढ्या दीर्घ काळात करवीर राज्याचा जो कारभार झाला, त्याचे मोडी रुमाल व इंग्रजी कागद समजून घेण्यासाठी विद्यार्थ्याने प्रथम याच दप्तराची पायरी चढली पाहिजे.

१९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. अप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहाससंशोधक होते, हे आपले भाग्यच म्हणावयाचे. ताराबाईंच्या काळातील कागदपत्रे त्यांनी संपादून प्रसिद्ध केली. विद्यापीठात शाहू संशोधन केंद्र उभे राहिले आणि राजर्षींचे कागद अनेक खंडांत छापले गेले. ज्या विद्यार्थ्यास मोडी येत नाही, त्यानेही या छापील खंडांपासून आरंभ करण्यास हरकत नाही. विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहेच. पण १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिरही विसरता कामा नये. जुनी मासिके व दुर्मिळ पुस्तके चाळण्याची सवय जिला लावून घ्यावयाची आहे, त्या पिढीने तेथील सभासदत्व अवश्य घ्यावे.

याहून जुन्या काळात जावयाचे असेल तर टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालय पाहावे. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. या टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती पाहिली, म्हणजे आपल्या या गावाचा रोमन जगाशी दोन हजार वर्षांपूर्वी संबंध होता, हे डोळ्यांना दिसते. राजाराम कॉलेजातील प्राध्यापक कुंदनगार यांनी कोल्हापूर संस्थान व उत्तर कर्नाटकातील शिलालेख १९३९ साली प्रसिद्ध केले. मेजर ग्रॅहॅमचा १८५४ सालचा कोल्हापूर संस्थानाविषयीचा अहवाल, १८८६ सालचे कोल्हापूरचे गॅझेटियर आणि स्वातंत्र्यानंतर १९६० साली निघालेले जिल्हा गॅझेटियर, ही तीन पुस्तके तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या टेबलावर असावीत. अलीकडच्या काळात डॉ. जयसिंगराव पवार यांनी महाराष्ट्र इतिहास प्रबोधिनीच्या द्वारे शाहूचरित्राचे व करवीर इतिहासाचे जे काम उभे केले, त्याने विद्यापीठाबाहेर राहूनही शिस्तीचे संशोधन करता येते हे सिद्ध झाले आहे.

"हे सर्व ठीक, पण यांत आपण कोठे आहोत?" असा प्रश्न वाचक विचारतील. त्याचे उत्तर असे की, शोधणाऱ्याची दृष्टी बदलली तर आपण ठिकठिकाणी आहोत. ग्रँट डफने गावगाड्यातील अलुतेदारांची जी यादी दिली आहे, तीत शिंप्याचे नाव आहे. जुन्या राज्यव्यवस्थेत अठरा कारखाने व बारा महाल असत. जामदारखाना आणि फरासखाना ही त्यांपैकीच होत. तंबू, कनाती, झुली, निशाणे, अंगरखे, खिलतीचे पोशाख ही सर्व शिवणकामाचीच कामे. सैन्य मोहिमेवर निघाले की तोफखान्याबरोबर तंबूही निघत, आणि तंबू कोणी तरी शिवलेला असे. दरबारी जमाखर्चाच्या कीर्दीत कापडचोपड व शिलाई यांच्या नोंदी असतात. राजकीय इतिहासाचा अभ्यासक त्या ओलांडून पुढे जातो, आपल्या विद्यार्थ्याने तेथेच थांबले पाहिजे. कारागिरांवर बसणाऱ्या मोहतर्फा या कराच्या याद्यांत पेठवार नावे मिळतात. गावच्या वतनाच्या तंट्यात गोत बसे, महजर होई आणि त्यावर गावातील लोक साक्ष घालीत. ज्यास लिहिता येत नसे, तो आपल्या धंद्याच्या हत्याराचे चिन्ह काढी; कुणब्याचा नांगर सर्वांस ठाऊक आहे. अशा एखाद्या महजरावर कातर काढलेली दिसली, तर ती आपल्या पूर्वजाची सही समजावी.

राजर्षी शाहू छत्रपतींच्या काळात तर आपला माग अधिक स्पष्ट होतो. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून महाराजांनी वसतिगृहांची जी परंपरा सुरू केली, तिने कोल्हापूरला वसतिगृहांची जननी हे नाव मिळवून दिले. जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेले समाज, दैवज्ञ, सारस्वत, पांचाळ अशा प्रत्येक समाजातील मुलांची सोय एकामागून एक झाली. आपले श्री नामदेव बोर्डिंग १९०८ सालचे. खेड्यातील एखादा मुलगा पहिल्यांदा शहरात येऊन इंग्रजी शाळेत बसला, तो या वसतिगृहांमुळे. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवण्याचा हुकूम काढला, आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. या धोरणाचा आपल्या ज्ञातीवर नेमका काय परिणाम झाला? किती मुले शिकली, किती नोकरीत गेली, किती पुन्हा दुकानात बसली? याचा हिशेब अद्याप कोणी मांडलेला नाही. तो मांडण्यासाठी शाळांची जनरल रजिस्टरे, वसतिगृहांची हजेरीपत्रके व देणगीदारांच्या याद्या, आणि संस्थानच्या गॅझेटचे अंक, एवढी साधने पुरेशी आहेत. त्या विद्यार्थिनीस आम्ही हाच विषय सुचविला आहे.

यापैकी जनरल रजिस्टराचे नाव काढताच अनेक पालकांच्या कपाळावर आठी पडेल, याची आम्हास कल्पना आहे. मुलाच्या जातप्रमाणपत्राची पडताळणी करताना इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो, आणि तेव्हा आजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद किंवा जमिनीचा जुना कागद यांसाठी सर्व घराची धावपळ होते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी महाराष्ट्रभर जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत, हे सर्वांच्या ध्यानी आले. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या कागदासाठी आपण एका दाखल्यापुरते धावतो, त्याच कागदात आपल्या घराण्याचा शंभर वर्षांचा इतिहास असतो. दाखला हाती आला की कागद पुन्हा माळ्यावर फेकला जातो. तो फेकू नये.

येथे आमच्या स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे, कारण दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी आपले घर दाखविणे बरे. आमच्या पणजोबांची एक लाकडी पेटी होती. तीत मोडी कागदांची दोन पुडकी होती, असे थोरली मंडळी सांगत. जुने घर पाडून नवे बांधताना ती पेटी खाली उतरविण्यात आली. कागद कोणास वाचता येईनात; पूर्वजांचे लेखन रद्दीत घालणे पाप, म्हणून घरातील वडील मंडळींनी ते निर्माल्याबरोबर भक्तिभावाने पंचगंगेत सोडले. त्यांच्या मनात श्रद्धाच होती, अनादर नव्हता. पुढे अनेक वर्षांनी दुकानातील जुन्या सामानात एका बाहीचा बेत म्हणून कापलेला एक जाड कागद आम्हास सापडला. तो त्याच पुडक्यातील असावा. कातरीने कडा गेल्या आहेत, ओळी अर्धवट तुटल्या आहेत. 'शिंपी' हा शब्द आणि एका पेठेचे नाव, एवढेच काय ते लागते. कोणाचा कागद, कशाविषयी, कोणत्या सालचा, हे आता कधीही कळणार नाही. तो तुकडा हाती घेतला की आम्हास खंत वाटते; आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तोच आहे.

असे प्रसंग आपल्यापैकी अनेक घरांत घडले असतील. जे भक्तीने गेले नाही, ते रद्दीत गेले. जे रद्दीत गेले नाही, ते पुरात भिजले. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी पंचगंगाकाठच्या घरांत व दुकानांत जे पाणी शिरले, त्यात कपाटांच्या खालच्या कप्प्यांतील किती वह्या लगदा झाल्या असतील, याची मोजदाद कोणी केली नाही.

तेव्हा कागद सांभाळावयाचे कसे, हे थोडक्यात सांगतो. जुने कागद जमिनीलगत न ठेवता उंचावर, कोरड्या व हवेशीर जागी ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात, म्हणजे आपल्या पूर्वजांच्या भाषेत रुमालात, बांधावेत. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावू नये व लॅमिनेशन मुळीच करू नये. त्याने कागद वाचत नाही, कायमचा बिघडतो. कागद भिजले तर उन्हात घालू नयेत, चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. टीपकागदावर सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यावेत. प्रत्येक कागदाचे छायाचित्र घ्यावे, आणि तो कोणाच्या घरचा, कोणी दिला, त्याविषयी घरात काय सांगतात, हे वेगळ्या वहीत त्याच दिवशी लिहून ठेवावे. कागदाचे कूळ हरवले की त्याचे निम्मे मोल जाते.

'जुना कागद' म्हणजे केवळ मोडी कागद, अशीही समजूत नसावी. आपल्या दुकानांतील मापवह्या, गिऱ्हाइकांच्या उधारीच्या चोपड्या, शिलाईचे दरपत्रक, यंत्र हप्त्याने घेतल्याच्या पावत्या, ही सर्व इतिहासाची साधनेच होत. सिंगर याने आपल्या शिवणयंत्राचे पेटंट १८५१ साली घेतले. ते यंत्र आपल्या पेठेत केव्हा आले? त्याने किती हातांचे काम वाचविले आणि किती हातांचे काम गेले? बाराबंदी व अंगरखा जाऊन सदरा व कोट केव्हा आला, परकर-पोलक्याची मापे कशी बदलली, तयार कपड्यांच्या दुकानांनी आपल्या धंद्यास कोणत्या वर्षी पहिला धक्का दिला? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही सरकारी दप्तरात मिळणार नाहीत. ती केवळ आपल्या मापवह्यांत आहेत. दुकान बंद करताना प्रथम ज्या वह्या टाकल्या जातात, त्या याच. तसेच पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्यांच्या यात्रेच्या नोंदी पिढ्यानपिढ्या होत आल्या आहेत. पुढील वारीस जाताना त्या उतरून आणाव्यात.

साधने जमली म्हणजे इतिहास झाला, असे मात्र नाही. ती तपासावी लागतात. सर्वप्रथम लिपी व कालगणना आली पाहिजे. पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग घेतले जातात. विद्यार्थ्याने रोज एक तास सराव केला तर काही महिन्यांत सोपे कागद लागू लागतात. जुन्या कागदांत इसवी सन नसतो. शकात ७८ मिळविले की सामान्यतः इसवी सन येतो. फसली सनात ५९०, आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६००. सुहूर सन अंकांत न लिहिता अरबी शब्दांत लिहितात. उदाहरणार्थ, 'अर्बा सबैन अलफ' म्हणजे चार, सत्तर व हजार मिळून १०७४, अर्थात इसवी १६७३-७४. एवढे किल्लीसारखे हाती असले की पुष्कळ कुलुपे उघडतात.

याहून कठीण परीक्षा मनाची असते. आपल्या सर्वांचे दैवत श्रीसंत नामदेव महाराज यांचेच उदाहरण घेऊ. परंपरेने त्यांचा जन्म शके ११९२, म्हणजे १२७० चा, आणि समाधी १३५० ची मानली जाते. त्यांचे जन्मस्थान नरसी बामणी की पंढरपूर, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांच्या नावावर जे अभंग गायिले जातात, त्यांत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा या दुसऱ्या कवीच्या व इतरांच्याही रचना मिसळल्या आहेत. १९७० साली शासनाने गाथा प्रसिद्ध केली, तिच्या आधी व नंतरही हा प्रश्न अभ्यासकांपुढे राहिला आहे. एखादा अभंग महाराजांचा नाही असे कोणी साधार म्हटले, तर आपल्यापैकी काहींस ते अपमानास्पद वाटते. परंतु नामदेवरायांचे मोठेपण एका गावाच्या जन्मदाखल्यावर किंवा चार अधिक अभंगांवर अवलंबून नाही. पंजाबातील घुमानपर्यंत ज्यांची कीर्ती पोहोचली आणि ज्यांची एकसष्ट पदे शीखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, त्यांना आपल्या अतिशयोक्तीची गरज नाही. खरे व खोटे निवडणे हीच त्यांची खरी सेवा होय.

ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांतून, आणि या स्मरणिकेतूनही, पूर्वी आपल्या उत्पत्तीविषयी पुष्कळ काही छापले गेले आहे. पुराणातील अमुक ऋषीपासून किंवा अमुक राजवंशापासून आपण आलो, अशा कथा सर्वच ज्ञातींत आहेत. जेव्हा समाजात उच्चनीचतेचा जाच होता, तेव्हा मान मिळविण्यासाठी त्या सांगाव्या लागल्या. त्या सांगणाऱ्या वडिलांस आम्ही हसणार नाही. त्या कथा केव्हा रचल्या गेल्या व का रचल्या गेल्या, हाही इतिहासाचाच विषय आहे. परंतु आज आपल्या मुलांनी त्या पुरावा म्हणून पुढे करू नयेत. कापड बेतणाऱ्यास माप चुकवून चालत नाही; चुकले तर गिऱ्हाइकाच्या अंगावर ते दिसते. इतिहासाचेही तसेच आहे.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवीत आहोत. पहिली, मंडळाने इतिहास जाणणाऱ्या तीन-चार व्यक्तींची एक लहान समिती नेमावी. तिने वर्षभरात सभासद-कुटुंबांकडील जुन्या कागदांची यादी करावी. कागद ज्याचे त्याच्याच घरी राहतील. समितीकडे फक्त नोंद व छायाचित्र असेल, आणि घरच्यांच्या संमतीवाचून ते कोणास दाखविले जाणार नाही. दुसरी, सुट्टीत मंडळाच्या सभागृहात मोडीचा वर्ग भरवावा. त्यात मुलांबरोबर आजी-आजोबांनीही बसावे, कारण जुन्या शब्दांचे अर्थ त्यांनाच ठाऊक असतात. तिसरी, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराबरोबर दर वर्षी एका विद्यार्थ्यास किंवा विद्यार्थिनीस दप्तरखान्यात बसून काम करण्यासाठी प्रवासखर्च द्यावा, व त्याबदल्यात त्याने स्मरणिकेत एक साधार लेख लिहावा. डॉक्टर व इंजिनियर होणाऱ्या मुलांचा आपण सत्कार करतो, तो योग्यच आहे. परंतु आपण कोण होतो हे सांगणारे एक तरी मूल प्रत्येक पिढीत असावे.

ती विद्यार्थिनी आता मोडीच्या वर्गास जाऊ लागली आहे. बाहीच्या आकाराचा तो कागद आम्ही तिला दाखविला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि कोपऱ्यातील एक अक्षर, जे आम्हास लागत नव्हते, ते लावून दिले. एका अक्षराने इतिहास होत नाही, हे खरे. पण तेवढे तरी आपल्या मुलीने वाचले, याचा आम्हास आनंद झाला.

ज्ञातिबंधु-भगिनींनो, या दिवाळीच्या साफसफाईत माळा झाडताना एखादे पुडके हाती आले, तर ते नदीत सोडण्यापूर्वी किंवा तराजूत घालण्यापूर्वी मंडळाकडे एक निरोप पाठवावा, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो. श्रीविठ्ठल आणि नामदेवराय आपणां सर्वांस ही बुद्धी देवोत.